कॉकपिटची ओळखपरेड

दुसऱ्या महायुद्धातल्या एखाद्या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या कॉकपिटचा फोटो घ्यावा आणि मधल्या सहा डायल तेवढ्या ठेवून बाकीचा सगळा भाग कापून टाकावा. वरच्या ओळीत डावीकडून वेगाची डायल, मग विमान किती कललंय ते दाखवणारं कृत्रिम क्षितिज, मग विमान किती झपाट्याने चढतंय-उतरतंय ते दाखवणारी. खालच्या ओळीत उंचीची, जायरोवर चालणारी दिशेची आणि शेवटी वळण-घसरण दाखवणारी दोन काट्यांची. आता विचारावं, हे विमान कोणतं? भल्याभल्यांची इथे बोलती बंद होते. ते एका वैमानिकाचं स्पिटफायर असू शकतं, लाकडी मॉस्किटो असू शकतं किंवा सात जणांना घेऊन रात्री जर्मनीवर जाणारं चार इंजिनांचं लँकेस्टर. हवाई दलाने १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात या सहा डायलचा एक वेगळा पत्रा ठरवून टाकला होता. धक्के बसू नयेत म्हणून तो रबरावर टांगलेला असे आणि चार स्क्रू काढावेत तसा सबंध बाहेर येई. वैमानिक या विमानातून त्या विमानात गेला तरी त्याची नजर चुकू नये, एवढाच त्यामागचा हेतू.

वैमानिकाची सोय झाली, ती पुढे जुन्या फोटोंवरून विमान ओळखणाऱ्यांच्या मुळावर आली.

नवख्याची नजर आधी काट्यांवर जाते, कारण कॉकपिटमध्ये भरपूर असतात ते काटेच. पण काटे सांगून सांगून सांगणार काय? देश सांगतील, फार तर दशक सांगतील. विमानाचं नाव मात्र भलत्याच ठिकाणी लपलेलं असतं: विमान वळवायचा दांडा कुठे मोडून दुमडतो, चाकं उचलायची लिव्हर कोणत्या हाताला आहे, वैमानिकाच्या कोपराशेजारी पोलादी नळी दिसते की प्लायवूड, पायाखाली फळी आहे की नुसती पोकळी. डायल कारखान्यातून घाऊक येतात. त्या बसवायला जागा करून देणारं हाडपेर मात्र ज्या त्या विमानाचंच असतं.

युद्धाच्या काळात विमान ओळखायचं ते बाहेरून. १९४०च्या उन्हाळ्यात डोक्यावरून जाणारं विमान आपलं की शत्रूचं, हा ब्रिटनमध्ये जिवाशी गाठ असलेला प्रश्न होता. काळ्या छायाकृतींचे तक्ते निघाले, पत्त्यांच्या कॅटवर विमानं छापली गेली आणि जानेवारी १९४१पासून ‘द एअरोप्लेन स्पॉटर’ हे खास त्याच विषयाला वाहिलेलं नियतकालिक सुरू झालं. शाळकरी पोरं पंखाच्या टोकावरून हाइंकेल आणि डॉर्निअर ही जर्मन विमानं वेगळी काढू लागली. आतून विमान कसं दिसतं याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं आणि ते कळू देणं सरकारला परवडणारंही नव्हतं.

आतलं जग हवं होतं ते वैमानिकाला. त्याच्यासाठी ‘पायलट्स नोट्स’ नावाच्या पातळ पुस्तिका निघत. त्यांच्या शेवटी कॉकपिटचे तीन फोटो असत: डावी बाजू, समोरचा पत्रा, उजवी बाजू. प्रत्येक खटक्यावर आकडा आणि खाली त्या आकड्यांची यादी. आज एखाद्या पेटीत सापडलेला बेनाव फोटो लावून बघायचा तो या पुस्तिकांशीच. वैमानिकाची परीक्षा तर याहून कडक होती. डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला कॉकपिटमध्ये बसवत आणि शिक्षक एकेक नाव घेई. हात न अडखळता त्या त्या खटक्यावर गेला तरच पोरगा पुढे जायचा.

या सगळ्यांत ‘एअर ट्रान्स्पोर्ट ऑक्झिलिअरी’च्या वैमानिकांची तर कमालच म्हणायची. कारखान्यातून विमानं तळांवर पोचवणं हे त्यांचं काम. त्यांत स्त्रियाही होत्या. इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला एकटीने विमान नेणारी एमी जॉन्सन त्यांच्यातलीच. सकाळी एक विमान, दुपारी दुसरं, संध्याकाळी तिसरंच, आणि त्यातलं एखादं तर त्यांनी जन्मात पाहिलेलं नसे. हाताशी काय? तळहाताएवढ्या पत्त्यांची एक वही. प्रत्येक विमानाला एक पत्ता. त्यावर चाकं, फ्लॅप म्हणजे पंखांमागची झापं, पेट्रोलच्या टाक्या आणि उतरतानाचा वेग. या संस्थेने १४७ प्रकारची विमानं हाताळली. अनोळखी कॉकपिटमध्ये बसल्यावर पहिल्या मिनिटात काय शोधायचं, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसेल. आणि ते शोधत ते काटे नव्हेत, लिव्हर.

मागे जावं तितकं काम सोपं होतं, कारण काटेच नसतात. राइट बंधूंच्या १९०३च्या विमानात कॉकपिट अशी चीजच नव्हती. वैमानिक खालच्या पंखावर पालथा पडायचा, कंबर एका पाळण्यात अडकवायचा आणि ती डावी-उजवीकडे सरकवून पंख पिळायचा. उपकरणं तीन: वाऱ्याचा वेग मोजणारं, इंजिनाचे फेरे मोजणारं आणि एक स्टॉपवॉच. तिन्ही उड्डाणाची नोंद ठेवायला, वैमानिकाने वाचायला नव्हेतच. सहा वर्षांनी फ्रेंच वैमानिक ब्लेरिओने ज्या विमानातून इंग्लिश खाडी ओलांडली, त्यात मात्र बसायला जागा, हातात दांडा आणि पायाखाली आडवी पट्टी अशी आजची मांडणी दिसते. त्याच्या दांड्याच्या बुडाशी घंटेसारखा धातूचा घुमट असे आणि तारा त्या घुमटाच्या कडेला बांधलेल्या. फोटोत तो घुमट दिसला, की पुढचं काही बघायची गरज नाही.

पहिल्या महायुद्धातले फोटो थोडे झगडायला लावतात. त्यासाठी दोन भारतीय वैमानिकांची विमानं शेजारी ठेवून बघावीत. हरदितसिंग मलिक पगडीवर बसेल असं मोठं शिरस्त्राण घालून सॉपविथ कॅमल उडवत. इंद्रलाल रॉय एस.ई.५ए उडवत. त्यांनी जुलै १९१८मध्ये दोनेक आठवड्यांत दहा शत्रूविमानांचा हिशेब चुकता केला आणि त्याच महिन्यात वयाच्या एकोणिसाव्या वर्षी ते पडले. दोन्ही ब्रिटिश, दोन्ही एकाच काळातली, दोन्हींत लाकूड, कापड, तारा आणि तशाच डायल. मग फरक कशात? कॅमलचं इंजिन पंख्यासकट सगळंच्या सगळं गरगर फिरणारं. त्याला हवेनेच थंडावा मिळे, म्हणून पाण्याच्या तापमानाची डायल नाही. एरंडेलाचं वंगण लागणाऱ्या त्या इंजिनाला तेल पोचतंय का, हे पाहायला पत्र्यावर काचेची छोटी घुमटी, तीत तेल नाडीसारखं उसळताना दिसे. शिवाय दांड्याच्या माथ्यावर एक बटण. ते दाबलं की इंजिनाची ठिणगी तेवढ्यापुरती बंद. उतरताना वेग आवरायचा तो या बटणावरच. एस.ई.५एचं इंजिन पाण्यावर थंड होणारं, म्हणून तिथे रेडिएटरची झापं उघडायची लिव्हर आणि पाण्याचा तापमापक. कॅमलमध्ये दोन मशिनगनांचे मागचे भाग वैमानिकाच्या थेट तोंडासमोर, एस.ई.५एमध्ये एकच आणि तीही डावीकडे सरकलेली. एवढं समजलं की फोटो कितीही अंधारा असो, बिघडत नाही.

१९२७च्या मे महिन्यात चार्ल्स लिंडबर्गने न्यूयॉर्कहून पॅरिसला साडेतेहेतीस तासांत नेलेलं ‘स्पिरिट ऑफ सेंट लुईस’ हा या परीक्षेतला सगळ्यात सोपा पेपर. कॉकपिटला समोरची काचच नाही. तिथे पेट्रोलची टाकी. पुढचं बघायचं तर बाजूच्या खिडकीतून मान काढायची, नाहीतर पत्र्यात बसवलेल्या पेरिस्कोपमधून. बसायला वेताची खुर्ची. होकायंत्र डोक्याच्या वर बसवलेलं, ते नजरेत येईना, म्हणून ते वाचायला समोर एक छोटा आरसा. तो गर्दीतल्या एका बाईच्या पावडरच्या डबीतला होता आणि चिकटवला होता चक्क च्युइंगमने. पण या पत्र्यावर त्याहून बोलकी एक गोष्ट आहे. पेन्सिलच्या रेघा. कोणत्या टाकीतलं पेट्रोल किती तास वापरलं, याचा हिशेब लिंडबर्गने तिथेच पत्र्यावर उभ्या रेघा मारून ठेवला होता. त्या रेघा अजून आहेत. या विमानाच्या प्रतिकृती पुष्कळ झाल्या, तेव्हा अस्सल फोटो निवडायला या रेघांइतकी पक्की खूण दुसरी नाही.

तारीख ठरवायला मात्र डायल कामी येतात, हे कबूल करायला हवं. २४ सप्टेंबर १९२९ रोजी अमेरिकी वैमानिक जिमी डूलिटल यांनी न्यूयॉर्कजवळ कॉकपिटवर जाड कापडाचं छत ओढून घेतलं आणि बाहेरचं काहीही न बघता विमान उडवून परत उतरवलं. पुढच्या उघड्या जागेत दुसरा वैमानिक सावधगिरी म्हणून बसला होता. त्याने हात लावला नाही. या उड्डाणासाठी स्पेरी कंपनीने कृत्रिम क्षितिज आणि जायरोची दिशातबकडी बनवली होती आणि कॉल्समन यांनी बारीकसारीक फरक टिपणारं उंचीमापक. म्हणजे फोटोत कृत्रिम क्षितिज असेल आणि पाठीमागे कुणी १९२५ असं लिहून ठेवलं असेल, तर लिहिणाऱ्याचं चुकलं. किंवा मग कुणीतरी विमान पुढे सुधारून घेतलं. दुसरी शक्यता विसरून बरेच जण तोंडघशी पडतात.

कधीकधी डायलचं नसणंच उत्तर देऊन जातं. फोर्ड कंपनीच्या तीन इंजिनांच्या ट्रायमोटर विमानात समोर एकाच इंजिनाची मापं दिसतात. बाकीची दोन कुठे गेली? ती बाहेर, पंखाखालच्या इंजिनांच्या आधारदांड्यांवर बसवलेली. तेलाचा दाब बघायला वैमानिकाने खिडकीतून बाहेर बघायचं. रात्री, पावसात, ढगात. हे ज्याच्या डोक्यातून निघालं त्याने ते विमान फारसं स्वतः उडवलं नसावं.

आपल्याकडचं उदाहरण जुहूचं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूच्या धावपट्टीवर उतरले, ते डी हॅविलंड पस मॉथ विमानातून. बरोबर पन्नास वर्षांनी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी तोच प्रवास पुन्हा केला; या वेळी विमान होतं लेपर्ड मॉथ. दोन्ही एकाच घराण्यातली, दोन्हींवर वरून जाणारा एकच पंख, बंदिस्त केबिन आणि जिप्सी इंजिन. वर्तमानपत्रांत आणि पुस्तकांत या दोन उड्डाणांचे फोटो एकमेकांच्या जागी छापले जाऊ शकतात, यात नवल नाही. बाहेरून गोंधळ होतो. आत डोकावलं की मिटतो. पस मॉथचा सांगाडा वेल्डिंग केलेल्या पोलादी नळ्यांचा आणि त्यावर कापड. केबिनमध्ये त्या नळ्या तिरक्या जाताना दिसतात. लेपर्ड मॉथ बनवताना कंपनीने पुन्हा लाकूड हाती घेतलं, तिची केबिन म्हणजे प्लायवूडची पेटी. शिवाय लेपर्ड मॉथमध्ये वैमानिक पुढे एकटा मधोमध आणि मागे दोन प्रवासी शेजारी शेजारी. पस मॉथमध्ये पुढची आणि मागची खुर्ची एका रेषेत नाही. डायल दोन्हींत जवळपास सारख्याच. त्यांच्यावर भरवसा ठेवला तर उत्तर पन्नास वर्षांनी चुकेल.

देश ओळखायचा तर एककं बघावीत. इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब ब्रिटिश विमानं पौंडांत मोजत आणि समुद्रसपाटीच्या दाबाला शून्य मानत. म्हणून त्यांच्या त्या डायलवर शून्याच्या दोन्ही बाजूंना आकडे असतात. अमेरिकी विमानं पाऱ्याच्या इंचांत मोजत. तिथे साधारण दाब तिसाच्या आसपास. जर्मन ‘अटा’ या वातावरणदाबाच्या एककात, तिथे तो एक. तीन देश, एकच हवा, तीन हिशेब.

फ्रेंचांनी तर हाताची दिशाच उलटी ठेवली होती. ब्रिटिश आणि अमेरिकी विमानांत थ्रॉटल पुढे ढकलली की ताकद वाढते. युद्धापूर्वीच्या अनेक फ्रेंच विमानांत ती मागे ओढली की वाढे. फ्रान्सने अमेरिकेकडून कर्टिस हॉक विमानं मागवली, ती आपल्या सवयीप्रमाणे उलट्या थ्रॉटलची आणि मेट्रिक डायलची करून. १९४०मध्ये फ्रान्स पडला, उरलेली विमानं ब्रिटिशांकडे आली, त्यांचं नाव मोहॉक झालं आणि त्यातली बरीच कलकत्ता आणि आसामच्या आघाडीवर आली. ब्रिटिश वैमानिक बसवायचे म्हणजे थ्रॉटल सुलटी करणं भागच होतं. संकटात सवयीने हात पुढे गेला आणि इंजिन मंदावलं तर पुढे काय, ते सांगायला नको. याच जातीची काही विमानं बेंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यातही जोडली गेली. तो कारखाना सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४०च्या डिसेंबरात काढलेला. तेव्हा भारतातल्या मोहॉकचा फोटो हाती आला तर तो फ्रान्सच्या वाटेने आलेला की बेंगळुरूच्या, हा प्रश्न आधी विचारावा.

आता सुरुवातीच्या सहा डायलकडे परत यायला हरकत नाही. स्पिटफायर आणि हरिकेन. दोन्ही १९३५-३६च्या हिवाळ्यात चार महिन्यांच्या अंतराने पहिल्यांदा उडाली, दोन्हींत रोल्स-रॉइसचं मर्लिन इंजिन आणि दोन्हींत ती सहा डायलची चौकट. दांड्याच्या माथ्यावर दोन्हींत गोल कडं, त्यात गोळ्या झाडायचं बटण आणि चाकांच्या ब्रेकची लिव्हर. कॉकपिट अरुंद, दांडा डावी-उजवीकडे हलवायला मांड्या आड येतात, म्हणून दोन्हींचा दांडा मध्येच सांध्यावर दुमडतो. वरचा भागच तेवढा आडवा हलतो. इथपर्यंत जुळ्या बहिणी.

फोटो थोडा रुंद असेल तर मात्र निकाल लागतो. हरिकेनच्या बाजूच्या भिंतीत पोलादी नळ्यांची कैची दिसते. ते जुन्या दोन पंखी विमानांच्या बांधणीतून आलेलं विमान. स्पिटफायरमध्ये नळ्या नाहीत, आतून वाकवलेल्या पट्ट्यांवर पत्रा गुळगुळीत बसलेला, अंड्याच्या टरफलासारखा. हरिकेनमध्ये उजव्या हाताला इंग्रजी एच आकाराच्या खाचेत फिरणारी एकच लिव्हर. चाकंही त्यावर आणि फ्लॅपही त्यावर. स्पिटफायरमध्ये फ्लॅपचा खटका समोरच्या पत्र्यावर डावीकडे वरच्या बाजूला, आणि त्याला अधलंमधलं काही ठाऊक नाही, एकतर वर नाहीतर खाली. चाकांची लिव्हर उजवीकडे. सुरुवातीच्या स्पिटफायरमध्ये तिथे हातपंप होता. विमान उडालं की वैमानिकाने थ्रॉटलवरचा डावा हात दांड्यावर आणायचा आणि उजव्या हाताने पंप मारत चाकं आत घ्यायची. एक हात जोरात पुढे-मागे होतो तेव्हा दुसरा नकळत त्याच्या तालावर जातो, त्यामुळे नवशिक्याचं विमान धावपट्टी सोडताच नाक वर-खाली करत जाई. खाली उभे असलेले ओळखत, आज नवीन पोरगं आलंय. फोटोत तो पंप दिसला तर विमान पहिल्या खेपेतलं. आणि डाव्या भिंतीत खाली उघडणारं छोटं दार दिसलं, तर वाद संपला. ते स्पिटफायरच, हरिकेनला तसं दार नाही.

पायाकडे बघायला लोक विसरतात. स्पिटफायरच्या पेडलना दोन पायऱ्या, एक वर, एक खाली. झुंजीत जोरात वळताना रक्त पायांकडे धावतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते, म्हणून पाय वरच्या पायरीवर घेऊन वैमानिक आपलं शरीर जरा आडवं करी. तेवढ्याने अंधारी थोडी पुढे ढकलली जाई.

समोरच्या बाजूचं मेसरश्मिट १०९ हे आतून आणखी अवघडलेलं. पण ओळखायला सोपं. डाव्या हाताला एकमेकाला लागून दोन मोठी चाकं: एक फ्लॅपचं, एक शेपटीच्या आडव्या पंखाचं. वैमानिक दोन्ही एकदम फिरवू शकायचा, म्हणजे फ्लॅप उतरतानाच नाकाचा तोल सांभाळला जाई. निशाण्याची काच मधोमध नाही, उजव्या डोळ्यासमोर सरकवलेली. आणि जर्मन शिस्तीप्रमाणे नळ्यांना रंग: पेट्रोलची पिवळी, तेलाची तपकिरी, इंजिन थंड करणाऱ्या द्रवाची हिरवी, ऑक्सिजनची निळी. उजव्या भिंतीवरून एक जाड पिवळी नळी जाते आणि तिच्या मध्येच काचेचा तुकडा. पोटाखालच्या जादा टाकीतलं पेट्रोल वाहतंय का, हे वैमानिक त्या काचेतून बघत असे. फॉके-वुल्फ १९०मध्ये अशी हाताने फिरवायची चाकं सापडत नाहीत. तिथे सगळं विजेवर, चाकांना आणि फ्लॅपला बटणं.

अमेरिकी विमानांत विक्षिप्तपणा जास्त, म्हणून ती चटकन कळतात. पी-३८ लाइटनिंग हे लढाऊ विमान असूनही त्यात दांड्याऐवजी मोटारीसारखं स्टिअरिंग, आणि त्याचा खांब उजव्या भिंतीच्या बाजूने वर येऊन डावीकडे वळलेला. पी-३९ एअराकोब्राला दोन्ही बाजूंना दारं आणि त्यांच्या काचा हँडल फिरवून खालीवर होणाऱ्या. इंजिन वैमानिकाच्या पाठीमागे असल्याने पंख्याकडे जाणारा दांडा त्याच्या पायांच्या मधून जाई. बी-१७ बाँबर विमानाच्या चार थ्रॉटल लिव्हर तर ओळखपरेडीत सगळ्यात आधी पकडल्या जातात. प्रत्येकीला आडव्या दांड्या अशा रचलेल्या, की मूठ खाली धरली तर दोन इंजिनं हलतात, वर धरली तर दुसरी दोन आणि मधोमध धरली तर चारही. दुसऱ्या कुठल्या विमानात हा प्रकार फारसा दिसणार नाही.

याच बी-१७ विमानाने एक मोठा धडा शिकवला. विमानं सुखरूप उतरून धावपट्टीवर असताना वैमानिक फ्लॅप उचलायच्या ऐवजी चाकंच उचलत आणि धडधाकट विमान पोटावर बसे. दोष वैमानिकांच्या माथी मारला जात होता. १९४३मध्ये अल्फोन्स चापानिस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कॉकपिटमध्ये जाऊन पाहिलं, तर चाकांचा आणि फ्लॅपचा खटका शेजारी शेजारी आणि अगदी सारखे. त्याने चाकांच्या खटक्यावर रबरी चाक बसवलं आणि फ्लॅपच्या खटक्यावर पाचरीसारखा तुकडा. हाताला न बघता कळू लागलं. पुढे तसे आकार सगळीकडे नेमून दिले गेले. तेव्हा फोटोत लिव्हरच्या टोकाला चिमुकलं चाक दिसलं तर विमान युद्धाच्या शेवटाचं किंवा त्यानंतरचं समजावं. ही खूण सहसा फसवत नाही, फक्त जुन्या विमानावर नंतर चढवलेला नवा खटका तेवढा पारखून घ्यावा.

बी-१७चा जोडीदार बी-२४ लिबरेटर. त्याच्या फोटोंबाबत भारतीय वाचकाला एक गोष्ट ठाऊक असायला हवी. युद्ध संपल्यावर ही विमानं कानपूरला जाणूनबुजून नासवून टाकून दिली होती. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कामगारांनी त्यातली चाळीसच्या आसपास विमानं भंगारातून उभी केली आणि भारतीय हवाई दलाने ती १९६८पर्यंत उडवली. बाकी जगाने आपली लिबरेटर कधीच वितळवून टाकली होती. त्यामुळे आज ब्रिटन-अमेरिकेच्या संग्रहालयांत जपलेल्या लिबरेटरपैकी काही नामवंत विमानं भारतातून गेलेली आहेत. अशा विमानाचा कॉकपिट ‘अस्सल १९४४’ म्हणून छापण्याआधी, कानपूरच्या हातांनी त्यात काय बदललं असेल ते विचारायला हवं.

फोटो स्वतःही फसवतो. जुन्या काळी वापरली जाणारी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल रंग जवळजवळ पाहतच नसे. लाल काळपट येई, पिवळाही गडद. म्हणून काळ्या-पांढऱ्या फोटोवरून नळीचा किंवा खटक्याचा रंग सांगणाऱ्याने आधी फिल्म कोणती ते पाहावं. निगेटिव्ह उलटी ठेवून छापली तर एका वैमानिकाच्या विमानात थ्रॉटल उजव्या हाताला येते. डायलवरचे आकडे वाचून बघितले की चोरी पकडली जाते, पण आकडे अंधुक असतील तर माणूस भलत्याच विमानाच्या मागे लागतो. आणि ज्याला ‘कॉकपिट’ म्हणून छापलं जातं, ते प्रत्येक वेळी वैमानिकाचं आसन असतंच असं नाही. एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ ८ जून १९४८ रोजी मुंबईहून लंडनला निघालं, ते लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान. यात वैमानिकांच्या मागे फ्लाइट इंजिनिअर आडवा बसे आणि त्याच्यासमोर इंजिनांच्या डायलची वेगळी भिंत. त्याच्या वेगळ्या थ्रॉटलसुद्धा. त्या भिंतीचा फोटो समोर आला की क्षितिज नाही, दांडा नाही, पेडल नाहीत, आणि पाहणारा चक्रावतो. गोव्यात दाबोळीजवळच्या नौदलाच्या विमान संग्रहालयात याच घराण्यातलं सुपर कॉन्स्टेलेशन उभं आहे. एअर इंडियाकडून ते हवाई दलात गेलं आणि तिथून नौदलात. एकाच विमानाची तीन घरं म्हणजे आत तीन हातांच्या खुणा असणारच.

सिनेमावाल्यांनी बाहेरचं रूप कितीही बदललं तरी आतलं बदलणं त्यांना जड जातं. ‘टोरा! टोरा! टोरा!’ या १९७०च्या चित्रपटात जपानी झीरो म्हणून उडालेली विमानं खरं तर अमेरिकी प्रशिक्षण विमानं होती. शेपटी, चाकं, रंग सगळं बदललं. पण खऱ्या झीरोच्या पत्र्याच्या वरच्या बाजूला दोन मशिनगनांचे मागचे भाग कॉकपिटमध्ये घुसलेले असतात आणि गोळ्या झाडायची लिव्हर थ्रॉटलवर असते. ते सोंग कुठून आणणार?

आता मिग-२१ही जुन्यांच्या रांगेत आलं. सप्टेंबर २०२५मध्ये चंदीगडला भारतीय हवाई दलाने त्याला निरोप दिला. पहिली मिग-२१ १९६३मध्ये तिथेच आली होती आणि पुढे नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात ती शेकड्यांनी बनली. रशियन कॉकपिटचा फिरोजी-हिरवट रंग लांबूनच ओळखू येतो. डोळ्यांना तो कमी थकवतो, असं सांगतात. वेग किलोमीटरमध्ये, उंची मीटरमध्ये. ब्रिटिश बनावटीचं हंटर विमान उडवून आलेल्या वैमानिकाला नॉट आणि फूट विसरावे लागत. रशियन कृत्रिम क्षितिजाची रीतही उलटी: पाश्चात्त्य डायलमध्ये विमानाची खूण स्थिर आणि क्षितिज कलतं, इथे वळताना विमानाची खूणच कलते. ब्रेकची लिव्हर मात्र दांड्यावर, स्पिटफायरसारखीच, कारण दोन्हींचे ब्रेक दाबलेल्या हवेवर चालणारे. समोरच्या पत्र्याच्या खालच्या भागात मधोमध एक उभी पांढरी रेघ. विमान गिरक्या घेत खाली पडू लागलं, तर घाबरलेल्या वैमानिकाने दांडा नेमका मध्यावर आणावा, म्हणून ती ओढलेली.

एवढ्यावर मिग-२१ हे नाव मिळतं, पण कोणतं मिग-२१ ते मिळत नाही. हवाई दलात टाइप-७७, टाइप-९६, टाइप-७५ आणि शेवटी बायसन अशी चार रूपं वर्षानुवर्षं नांदली. टाइप-७७ची काचेची टोपी पुढच्या काचेसकट अख्खी पुढे उघडते. पुढच्या प्रकारांत समोरची काच जागेवर राहते आणि टोपी बाजूला कलते. उघड्या कॉकपिटचा फोटो असेल तर ही बिजागरी आधी शोधावी. बायसनमध्ये नजरेसमोर आकडे दाखवणारी तिरकी काच आणि पडदा आला, पण आजूबाजूचा फिरोजी रंग आणि कितीतरी जुने खटके तसेच राहिले. अशा फोटोंत पडद्याच्या शेजारी जुन्या डायल किती उरल्या आणि कोणत्या जागी, हे मोजत बसण्याचं काम आता सुरू झालं आहे. ओझरला ज्यांनी ते पत्रे हाताने जोडले, त्यांतली काही माणसं अजून नाशिक परिसरातच असतील. पायलट्स नोट्सच्या आधी त्यांना विचारलेलं बरं.